शिसं थकतं

मे महिना, सेहेचाळीस अंश.
सदरच्या दगडी चर्चाची खिडकी उतरवली आम्ही,
एकशे अठ्ठावन्न तुकडे, सगळे खडूच्या आकड्यांनी.
वॉचमन म्हणाला, उन्हानं काच पाघळते,
म्हणून तर जुनी काच बुडाशी जाड.
सायलसकाका मेश्राम वर न बघता:
"काच नाई पाघळत बाप्पा. ते पयलेच तशी असते,
कारागीर जाडी बाजू खाली ठेवते.
थकते थे शिसं."

मी इतवारीतल्या कासाराची पोर.
बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं,
एवढं शिकून मोठी झालेली.
इथे फोडण्याचाच धंदा.
तापल्या लोखंडानं काचेवर वाट आखायची,
थुंकीचा थेंब सोडायचा
आणि श्वास धरायचा.
कटर आहे पेटीत. पण जुन्या तुकड्याच्या शेजाऱ्याला
जुनाच चटका, असा काकांचा हट्ट;
मग चिमट्यानं कड कुरतडत बसायचं, उंदरासारखं.

आठशे वर्षांमागे कुठल्याशा थंड मुलखात
असंच करत, फादर सांगतात.
नदीची वाळू, झाडाची राख,
चुना फासलेल्या फळीवर आधी संताचं चित्र,
चित्रावर काच,
चेहऱ्याच्या रेघांना लोखंडाचा कीस
खललेला दारूत, नाहीतर
(इथे फादर खाकरतात)
मुतात.

पिवळा चांदीचा. निळा कोबाल्टचा.
जांभळा तुकडा काकांनी उजेडाला धरला:
"हा माह्या बापाचा."
बाप कांद्रीच्या खाणीत, मॅंगनीजवर.
काळाकुट्ट दगड, नखात शिरला तो शिरला,
पेटीत ठेवतानाही हात धुऊन निघाले नाहीत.
तोच दगड चिमूटभर भट्टीत पडला
तर काचेला असा रंग येतो
हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

चौथ्या दिवशी, दिवेवाल्या बाईच्या खांद्यावरचं
शिसं सोललं
तर काचेच्या कडेला सुईनं कोरलेलं, आपल्याच अक्षरांत:
जवस महाग.
नाव नाही, साल नाही.
आमच्याही डब्यात जवसाचंच तेल, पुट्टी मळायला.
आम्ही दोघं हसलो, पहिल्यांदाच.
फादरना दाखवायचं?
"काहून? त्यानं झाकलं होतं ना."
नवं शिसं चढवलं, सांधे झाळले.

काच म्हणजे शीशा, आणि काच म्हणजे जाचही;
आईला विचारा, ती सासरचा सांगेल.
शिसं काचेला काचतं म्हणून ती उभी राहते,
असं काहीतरी मी बोलून गेले.
काकांनी पुट्टी मागितली.

रविवारी खिडकी जागेवर.
साडेसातला ऊन आलं,
तिसऱ्या बाकावरच्या म्हातारीच्या पांढऱ्या पदरावर
जांभळा पट्टा.
डाग समजून
ती झटकत राहिली, झटकत राहिली,
मग थुंकी लावून घासू लागली.