रिकामी गाडी

चार महिने आम्ही पातेल्यांनाच बोल लावत होतो.
गिअर पडला की मागून टण्ण.
विल्होळीच्या चढाला टण्ण, उताराला बारीक कुरकुर,
आणि सिंधू म्हणायची, तुम्ही झाकणं नीट बांधत नाही.
मी झाकणं बांधली. मधे पोती कोंबली.
मग दोरी कुणी आणायची यावरून
एक अख्खा दिवस अबोला.

परवा वाडीवऱ्ह्याच्या लग्नाची भांडी उतरवून
रात्री रिकामी गाडी घेऊन निघालो.
टण्ण.
पाथर्डी फाट्यापर्यंत कुणीच काही बोललं नाही.

अंबडच्या कंपनीत एकोणीस वर्षं
मी हेच शाफ्ट चढवले.
चार बोल्ट मागे, चार पुढे,
पाना कट्ट म्हणाला की पुढची गाडी.
किती हजार गाड्या या हातांखालून रस्त्याला लागल्या,
पण क्रॉसच्या पोटात काय असतं
ते कधी पाहिलं नव्हतं.
लाईन थांबत नसे.

रविवारी चाकांना विटा लावल्या,
खाली जुन्या मंडपाची कनात अंथरली.
सोडायच्या आधी खूण करायची, एवढं मला ठाऊक.
मी छिन्नी शोधेपर्यंत
सिंधूने सुनेच्या नेलपॉलिशची आडवी रेघ ओढलीसुद्धा,
या फ्लँजवरून त्या फ्लँजवर.
होतं तसंच बसवायचंय ना?
होतं तसंच.

सर्क्लिपा गंजून एकजीव झालेल्या.
तिसरी उडाली ती कढीपत्त्यात गेली, अजून तिथेच असेल.
ठोकून ठोकून वाटी बाहेर आली
तर आत ग्रीस नाही, तपकीर.
खरीच चिमटीत धरून ओढावी अशी, कोरडी, लालसर.
आणि क्रॉसच्या दांडीवर बारीक चरे,
सुया वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून होत्या तिथे.
सिंधूने त्यावरून नख फिरवलं.
पाट्याला टाकी लावल्यासारखं झालंय, म्हणाली.

नवा क्रॉस द्वारकेहून, मुनाफभाईंकडून.
तीन वाट्या बसल्या. चौथी बसेना.
सर्क्लिपची खाच दिसायला केसभर कमी.
मी मोठा हातोडा घेतला.
थांबा, ती म्हणाली.
तुला काय कळतं यातलं, मी म्हणालो,
आणि गाडीखाली ते वाक्य फार मोठं झालं.
वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या पगारबाई
बादली तशीच ठेवून आत गेल्या.

वाटी परत काढली.
बाकी सगळ्या सुया कडेने उभ्या,
एक तळाशी आडवी.

तिने केसांतली पिन काढली,
चष्मा कपाळावर चढवला,
पिनेच्या टोकाला ग्रीस घेऊन ती सुई उचलली
आणि रांगेत उभी केली,
ब्लाउजला हूक लावताना करते तशी
जिभेचं टोक दातांत धरून.
मी बॅटरी धरून होतो.
बॅटरी हलवू नका, एवढंच म्हणाली.

मग सर्क्लिप टिचकी वाजावी तशी बसली.
सांधा आधी ताठ होता.
दोन्ही कानांवर हलके दोन ठोके दिले
तसा चहूकडे झुकायला लागला.
हातात घेऊन मी तो उगाच फिरवत बसलो.
चहा निवला.

रेघेला रेघ मिळवली. चार बोल्ट.
कट्ट म्हणणारा पाना घरी नाही,
अंदाजाने आवळले,
जेवण झाल्यावर पुन्हा एकदा आवळले.

संध्याकाळी रिकामी गाडी गरवारे पॉइंटपर्यंत नेऊन आणली.
पहिला, दुसरा, तिसरा. काही नाही.
इतकं काही नाही
की काच खाली करून ऐकलं.

सोमवारी सिन्नरची ऑर्डर.
नऊ पातेली, तीन कढया, ताटांची चळत.
पहिल्याच खड्ड्यात टण्ण.
माझा पाय ब्रेकवर.
तिने मागे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.
झाकण, ती म्हणाली.
मी नीट बांधलं होतं, असं तोंडाशी आलं,
आणि गाडी दुसऱ्यात टाकली.