आरा

दुपारचा खेळ. थिएटरात आम्ही सात जण.
पडद्यावर एक पोलीस, गुंडाच्या सोंगात,
कोकेनच्या पुड्या मोजतोय, कपाळावर घाम.
घाम छान दाखवलाय.
मला घाम येत नसे. मला पित्त व्हायचं.

मार्सेयच्या उत्तरेला चौदा मजल्यांचा टॉवर,
तिथला लिफ्टवाला होतो मी, अकरा महिने.
नाव सेर्ज. खरं नाव वार्तान,
ते रोज सकाळी घरी खुंटीला टांगून निघायचो,
बायकोच्या छत्रीशेजारी.

साहेब म्हणाले होते, लिफ्ट दुरुस्त करू नकोस,
झाली तर उद्या जायला निमित्त काय?
म्हणून एक नट पिळायचो, दुसरा सैल करायचो
आणि तळाच्या जिन्यात कोण येतं, किती नेतं
ते ग्रीसने माखलेल्या वहीत लिहायचो.
भिंतीवर भाव रंगवलेले असत, खानावळीत असतात तसे.
शुक्रवारी सूट.

बाराव्या मजल्यावरची झैनबाबाई
दोन्ही हातांत पिशव्या, प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत,
माझ्यापाशी आली की म्हणायची,
"पोरा, तुझ्या हाताला यश येवो."
हे सिनेमात नाही.

सिनेमात ती प्लास्टिकची खुर्चीही नाही,
एक पाय तुटलेली, विटेवर टेकवलेली.
तिच्यावर सोइलिही, वय तेरा.
काम एकच, बघत राहणं.
पोलीस दिसले की ओरडायचं : आरा!
तो ओरडला की पुढच्या इमारतीतला ओरडे, मग त्याच्या पुढचा,
चाक फिरावं तसा शब्द फिरायचा वस्तीभर
आणि आम्ही पोचेपर्यंत मधे नुसतं भोक.

एका सोमवारी तो स्क्रू-ड्रायव्हर मागायला आला.
खुर्ची ठोकायची म्हणाला.
ठोकता ठोकता, मान वर न करता :
"तुझ्या बुटांना दर सोमवारी पॉलिश असतं.
लिफ्टवाले पॉलिश करत नाहीत."
माझा हात पान्यावर. त्याचा खुर्चीवर.
वर कुणाच्या तरी खिडकीत मासे तळत होते.
"आईचे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "बारावा मजला.
लिफ्ट नीट कर."

एवढंच. पैसे नाहीत, शपथ नाही.

दोन रात्री लागल्या. खरं सांगतो,
नोकरीत इतक्या मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही.
बुधवारी झैनबाबाई आत शिरली, बटण दाबलं,
दार लागताना तिने डोळे मिटले होते.
साहेब भडकले. आता तुझं तिथे काय काम, म्हणाले,
आणि छापा महिनाभर अलीकडे ओढला.

पहाटे पाच. पांढऱ्या तीन गाड्या.
तो खुर्चीत होता. त्याने गाड्या पाहिल्या,
मग मला पाहिलं, दुसऱ्या गाडीत, बनियनवर जॅकेट.
तोंड उघडलं. मिटलं.
त्या पहाटे वस्तीत आरा कोणी ओरडलं नाही.

एकोणीस अटका, बेचाळीस किलो, मला पदक.
खुर्चीवर कोण होतं
हा प्रश्न आमच्या अहवालात नाही.
त्यांच्या अहवालात तो पहिलाच असणार.

पडद्यावर आता समुद्र. पोलीस जखमी, पण जिवंत,
व्हायोलिन वाजतंय. त्याचे बूट मात्र
बरोबर मळवलेत. कुणीतरी नीट चौकशी केलेली दिसते.

मी चौकशी केली ती एकदाच, सहा वर्षांनी.
लिफ्ट कंपनीला फोन लावला, नाव सांगितलं नाही.
टॉवर बी, विचारलं, चालू आहे का?
पोरीने कीबोर्डवर काहीतरी बडवलं.
"तक्रार नाही," म्हणाली.

म्हणजे चालू आहे.
किंवा बाराव्या मजल्यावर आता
तक्रार करणारं कोणी नाही.
मी धन्यवाद म्हटलं. सेर्जच्या आवाजात.