तीन ओळी

दर ऑक्टोबरला पत्र येतं :
माजी फेलोंनी आपली खबरबात कळवावी,
तीन ओळींत. फोटो असल्यास उत्तम.

मागच्या अंकात तेओदोरा उपमंत्री झाली,
क्वाबेनाने कुमासीत बियाण्यांची बँक काढली,
आणि आमची हेमांगी सबनीस,
जिला डंडीच्या थंडीत रोज रडू यायचं,
आता जिनिव्हात, आडनावापुढे दोन पदव्या.

मी इथेच. पर्थ रोडवर.
ज्या गावात तागावर प्रबंध लिहायला आले
त्याच गावात पँटी आखूड करते.
'वस्त्रोद्योगात स्वतंत्र व्यवसाय'
असं लिहिलं, खोडलं.
प्रबंध अपूर्ण, ही नोंद त्यांच्याकडे असेलच.

दार वाजलं. मिसेस गिलेस्पी,
मागे कॅलम, घोटे उघडे.
शाळेची ही पँट
गेल्या ऑगस्टात मीच आखूड केली होती.
टीप उसवते, इस्त्री फिरवते,
जुन्या दुमडीची रेघ काही जात नाही.
दीड इंच.
या गावात कोण किती पुढे गेलं
ते मला विचारा, मापासकट सांगेन.

"अजून उतरेल?"
उतरेल. आत माया ठेवली होती मी.

इंग्रजीत हिला काय म्हणतात ते ठाऊक आहे,
रोज म्हणते.
पण तो शब्द नुसता कापडाचा.

रात्री पत्र संपवलं :
पत्ता तोच.
दुकान बरं चाललंय.
तिसरी ओळ कोरी सोडलीय,
लागली तर.