पीळ

गाडीचं अंग ताडपत्रीखाली उलटं पडलंय,
फायबरचं, रंग न दिलेलं,
टाकून दिलेल्या बाथटबासारखं.
साठच्या दशकातल्या कुठल्याशा रेसगाडीची हुबेहूब प्रतिकृती.
इद्वाल तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.
त्याचं चित्त सांगाड्यात: दीड इंची चौकोनी नळ्या,
सांध्यांवर वेल्डिंगची खवलं.

आज पीळ मोजायचाय.
मागचे दोन कोपरे फरशीला जखडले,
पुढची बाजू मधोमध एका टेकूवर,
आणि तिला आडवी तुळई, सहा फुटी.
"टोकावर उभी राहा," म्हणाला. "वजन किती तुझं?"
एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
मी खरं सांगितलं.
त्याने भिंतीवर खडूने लिहिलं: एकाहत्तर.

डायलचा काटा सरकला.
"हलू नकोस."
"श्वास घेऊ ना?"
काटा माझ्या श्वासासोबत डुलत होता.

तो गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर, गप्प.
चाकाने खड्डा खाल्ला की हलायचं ते विशबोनने, स्प्रिंगने, डँपरने,
हे त्याने मला जेवताना काटे-चमचे मांडून समजावलंय.
सांगाडाच वळायला लागला
तर स्प्रिंगने कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?

ब्रिस्टलहून मुलगा फोनवर हसतो,
शेवटी नक्कलच ना, बाबा?
हा म्हणतो, खड्ड्याला सांग तसं.

पोर्ट टॅल्बटची भट्टी विझली त्या दिवशी
सव्वीस वर्षांची हजेरी संपवून तो घरी आला,
बूट दाराबाहेर ठेवले, चहा मागितला. बस.
सुंभ जळतो, पीळ राहतो.
तेव्हा डायल कुठे लावायचा
मला माहीत नव्हतं.

"चौकोन लबाड," तो पुटपुटला, "दाबला की कलतो."
आणि खडूने एक तिरपी रेघ ओढली,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
नेमकी माझ्या सीटपुढून,
जिथे माझे पाय असणार होते.
"जरा दुमडून बसशील ना?"

मी उत्तर दिलं नाही. तुळईवरून उतरले.
काटा परत आला, पण
शून्याच्या एक रेघ अलीकडे थांबला.
दोघांनीही पाहिलं.
"बोल्ट बसला असेल," तो म्हणाला.
मग पाना फिरवून, काटा शून्यावर आणून,
हात पुढे केला:
"चढ परत."