अठ्ठ्याऐंशीवं

देवपुरात, पांझरेच्या पुलाअलीकडे
माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
मार्च लागला की जळक्या मोटरी येतात,
साक्रीच्या, शिरपूरच्या, न्याहळोदच्या विहिरींवरून,
कमी व्होल्टेजनं काळ्या पडलेल्या.
मी जुनी तार उपसतो.
करपट वास बोटांत राहतो,
रात्री भाकरी मोडताना पुन्हा येतो.

टबीथा गेल्यापासून
रविवारीही शटर उघडं ठेवत होतो.
चर्चची घंटा झाली की ग्राइंडर चालू करायचो.

नाव मीच ठेवलं होतं, हौसेनं.
त्या नावाच्या एका बाईला
कुणीतरी 'ऊठ' म्हटलं होतं
आणि ती उठून बसली होती.
सिव्हिलच्या बाकड्यावर रात्रभर
मीही तेवढंच म्हणत होतो.
पहाटे सिस्टरनं सुई काढली,
चादर नीट केली.

पौषात शांतवनबाबा वारले.
चैत्रात त्यांची मार्थाबाई
दुकानाच्या पायरीवर येऊन बसली,
मांडीवर बाबांच्या मफलरीत गुंडाळलेलं पुस्तक.
चाळीस वर्षं, रोज रात्री, दिवा मालवायच्या आधी
बाबा तिला एक स्तोत्र वाचून दाखवायचे.
तिला अक्षर येत नाही.
"माले वाची दखाड, भाऊ.
कान उपाशी शेतस."

मला वाचायचं नव्हतं.
मेंढपाळाचं, हिरव्या कुरणाचं तर नकोच होतं.
बाहेर बेचाळीस डिग्री, नदीत नुसती वाळू
आणि वाळूत गाढवं.
म्हणून मुद्दाम, जरा दुष्टपणानंच,
अठ्ठ्याऐंशीवं काढलं.
त्यात उजाडतच नाही.
इतर रडगाण्यांत शेवटी कुठंतरी 'तरीही' येतं,
इथं तेही येत नाही.
हाक मारणाऱ्याला सोडून सगळे निघून जातात
आणि शेवटच्या ओळीत काळोख उरतो.
वाचलं, मिटलं.
म्हटलं, झालं.

ती गप्प.
पदरानं गुडघ्यावरची धूळ झटकत राहिली.
मग म्हणाली,
"हाई बी लिखेल शे त्यामा?"
"हो."
"अन् देवनी ते खोडी नही टाकं?"
"नाही."
"मंग आखो येकदाव वाच."

दुसऱ्यांदा वाचताना
माझा आवाज मधेच कुठंतरी अडकला.
समोरच्या रसवंतीवाल्यानं चरक थांबवला,
घुंगरं थांबली,
तो बघत राहिला.
मार्थाबाईनं त्याच्याकडून पाणी मागवलं
आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

तेव्हापासून रोज, सात वाजता.
क्रमानं नाही. ती बोट ठेवेल ते.
कधी झांजांचं, टाळ्यांचं निघतं;
मी भरभर उरकू बघतो,
ती हळू वाचायला लावते.
कधी शत्रूचे दात पाडणारं निघतं,
तेव्हा वीज नेमकी गेलेली असते
आणि आम्ही दोघं मंडळाच्या खांबाकडे बघून
पोट धरून हसतो.
हसलो, हे मला घरी गेल्यावर कळलं.

मोटरीची बॉडी तीच राहते.
आत फक्त तांब्याची नवी तार,
वेढा मोजून घालायची.
एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.
हल्ली मोजता मोजता मी काहीतरी पुटपुटतो.
स्तुती नाही अजून. इतक्यात होईल असंही वाटत नाही.
तक्रारच आहे, टबीथाच्या नावासकट.
पण पूर्वी ती भिंतीशी होती,
आता कुणालातरी उद्देशून आहे.

काल न्याहळोदची पाच एचपीची जोडून पाहिली.
बटण दाबलं.
काहीच नाही.
मी पान्हा उचलणार, तोच आतून
जड, जुनी, ओळखीची घरघर.

मार्थाबाई पायरीवरून म्हणाली,
"बोलनी रे, बोलनी."