भोकं पाडलेला टब

गोदी बंद झाली त्या वर्षी
न्हाणीतला बिडाचा टब मी उखडला.
चौघांनी तो जिन्यावरून उतरवला.
मधल्या वळणावर अडला तेव्हा
तळमजल्याच्या येर्कानं दार किलकिलं करून विचारलं,
"कोण गेलं?"

कुणी नाही, म्हटलं. बाग करतोय.

येर्का ह्वार बेटावरची.
तिच्या माहेरी जुलैभर फुलांचं तेल काढायचे
तांब्याच्या मोठ्या हंड्यांतून.
मग एका उन्हाळ्यात वणवा आला.
त्याच्याविषयी ती एवढंच बोलते.
तिनं मला नऊ काड्या दिल्या
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
बोटभर लांब, फूल न धरलेल्या,
खालची पानं ओरबाडलेली.
"लव्हेंडर," म्हणाली. "लाड करू नकोस."

मी केले.
तीस वर्षं जहाजांचे पत्रे जोडले मी.
पाणी आत येता कामा नये, एवढंच शिकलो,
आणि घरी मात्र दोन वेळा झारी घेऊन उभा.
तसा रियेकात पाऊस काही कमी नाही.
टबाला मुळचं एक भोक होतं, वाटलं पुरेल.
तीन आठवड्यांत सहा काड्या
बुडाशी काळ्या, हाताला बुळबुळीत.
येर्कानं एक उपटली, नाकाशी धरली.
"बुडवलीस."

बुडवलीस!
माझ्या हातचं एकही जहाज
आजवर बुडालं नव्हतं.

उरलेल्या तिघींना कपात ठेवून
दुसऱ्या दिवशी ड्रिल काढलं.
पांढरे टवके डोळ्यांवर उडायला लागले,
म्हणून वेल्डिंगचा मुखवटा चढवला
आणि तळाला एकवीस भोकं पाडली,
मुद्दाम, मोजून, गळावं म्हणून.
पहिल्या भोकाला हात बिचकला.
खाली विटांचे तुकडे, त्यावर चुनखडीची खडी,
वर निम्मी वाळू घातलेली माती,
इतकी भुसभुशीत की मुठीत राहीना.
टब दक्षिणेच्या भिंतीला सरकवला,
जिथं ऊन
पेन्शनीतल्या माणसासारखं
दिवसभर बसून असतं.

आणि मग काही न करणं.
झारी मी येर्काकडे गहाण टाकली.
बोट मातीत खुपसायचं,
दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर तिचं दार वाजवायचं.
कधी ती द्यायची.
कधी म्हणायची, उद्या ये.

फेब्रुवारीत बुरा वारा सुटला.
कपड्यांच्या दोऱ्या तुटल्या,
कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची
रस्त्यावरून एकटीच बंदराकडे निघाली.
माझ्या तीन काड्या आडव्या झाल्या,
पुन्हा उठल्या. करड्या, केसाळ, गप्प.

निवेसचा रविवारी फोन असतो, आयर्लंडहून.
तिनं फोटो मागितला. पाठवला.
"बाबा, या मेल्यात का?"
नाही गं, ह्या अशाच दिसतात.
ती जरा थांबली.
"आणि तू?"
मीही, म्हटलं.

जूनमध्ये कळ्या आल्या.
अकरा दांडे. दोनदा मोजले.
निवेसला कळवणार होतो,
तेवढ्यात येर्का कात्री घेऊन हजर.
"पहिल्या वर्षी फुलू द्यायचं नसतं.
आधी मुळं धरू देत."
मी मध्ये उभा राहिलो थोडा वेळ.
मग बाजूला झालो.
तिनं कच् कच् करत अकराही उतरवले
(खालच्या लाकडाला धक्का न लावता, हे दाखवून दाखवून)
आणि माझ्या ओंजळीत टाकले.

कुठं ठेवावेत सुचेना.
खिळ्याला मुखवटा लटकत होता,
त्यातच ठेवले.

आता कुणी फाटक जोडायला बोलावतं,
कुणाची जिन्याची कठड्याची सळी निघालेली असते.
मी मुखवटा खाली ओढतो,
आणि ठिणगी पडायच्या आधी,
त्या काळ्या काचेमागं,
लोखंडाच्या कितीतरी आधी
एक वास येतो.

गिऱ्हाईक विचारतं, काय झालं?
काही नाही, म्हणतो.
काच पुसतोय.