दोन अक्षरं

मसुदा रामश्रीनेच आणला,
भाजीच्या पिशवीत दुमडून, बत्तीस पानं, झेरॉक्स पुसट.
टेम्पोत कुणी वाटत होतं म्हणे.
"दीदी, आप तो छापेखाने में थीं,
देखो, हमारा क्या लिखा है."

एकतीस वर्षं मी सरकारी छापखान्यात प्रुफं वाचली.
राजपत्र, पुरवणी, शुद्धिपत्र,
शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र.
एकदा 'लाभार्थी'चं 'लोभार्थी' झालं होतं,
रात्री साडेअकराला मी पकडलं.
रेगेसाहेब म्हणाले, राहिलं असतं तरी
कुणी हरकत घेतली नसती.
तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

रामश्री गोला का मंदिरहून येते, सहाच्या आत.
जानेवारीत धुकं असं की
किल्ला आहे हे नुसतं मानून चालायचं.
आधी हात शेगडीवर धरते,
गार हात बंडूला लावत नाही.
मग त्याची कूस बदलते, पाठ पुसते, पावडर.
बंडू चोपन्न वर्षांचा, माझ्या पाठचा.
बोलत नाही. चमचा ताटलीवर
दोनदा वाजला की पुरे,
एकदा वाजला की अजून.
हे तिला मी शिकवलेलं नाही.
आमच्यानंतर जनकगंजात फाळक्यांची म्हातारी,
मग आणखी दोन घरं,
मग तिचं स्वतःचं.

"कायदा नाही अजून, विधेयक आहे," मी म्हटलं.
भोपाळला मांडायचंय.
उद्देश चांगले आहेत.
उद्देश पहिल्या पानावर असतात,
ते ठळक टायपात घ्यायचे असतात.
पाच योजनांची एक योजना. एक खिडकी. एक कार्ड.
'परिचारिका' जिथे जिथे, तिथे 'सेवामित्र'.
मित्राला मानधन नसतं,
प्रोत्साहन असतं, निधी असेल त्याप्रमाणे.

मग कलम अकरा.
जुनं मला पाठ आहे, ते मीच वाचलं होतं,
उन्हाळा होता, पंख्याने गॅल्या उडत होत्या:
शासन घर पर सेवा देगा.
आता:
शासन घर पर सेवा दे सकेगा.

मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं.
देईल.
देऊ शकेल.
माझ्या लग्नाच्या बोलणीत काका म्हणाले होते,
तेवढं आम्ही करू शकू.
समोरच्या माणसांनी चहा अर्धा ठेवला होता.

"तो मैं आऊँ कि न आऊँ?"
रामश्रीला कलमं नकोत, तिला सोमवारचं हवंय.

हरकतींना पंधरा दिवस. नऊ गेले.
लाल पेन डब्यात होतं, सुईदोऱ्याखाली,
झटकल्यावर चाललं.
छापखान्यात भिंतीवरच लिहिलेलं होतं:
मूळ प्रतीप्रमाणे.
मजकूर चुकीचा असेल तर तो साहेबांचा,
आपली फक्त वेलांटी.
एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या अर्थाला
हात लावला नाही.

'सके'वर आडवी रेघ मारली.
समासात काढून टाकण्याची खूण.
मग 'दे' आणि 'गा' जवळ आणणारा छोटा कंस,
वर एक, खाली एक.
बास. पानावर आणखी काही चुकलेलं नव्हतं.

अर्ज तिच्या नावाने लिहिला,
सही तिने केली, जीभ दातांत धरून:
रामसिरी.
आई तिला तशीच हाक मारायची म्हणे.
कार्डावर रामश्री आहे.
जुळलं नाही तर परत येईल, 'त्रुटीपूर्ण' असा शिक्का घेऊन,
तो शिक्का मला ओळखीचा आहे.

पेन अजून माझ्या हातात.
ती अक्षरांकडे बघतेय, स्वतःच्या,
वळवून, लांबून.
आतून चमचा वाजला.
एकदा.
ती उठली.